डाव्या खिशातली बॅटरी

आमच्याकडं टॉर्चला टॉर्च कुणी म्हणत नाही, बॅटरी म्हणतात. आत घालायचे ते सेल, आणि हातात धरायची ती बॅटरी. पन्नाशी उलटली तरी ह्या शब्दात काही खोट असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ह्या एका शब्दापायी माझा बाप जायचा होता, आणि त्याला घालवायला मीच निघाले होते, तेही मोठ्या हौसेनं, गळ्यात टेप अडकवून. अजून आठवलं की हातातली सुई थांबते.

मी ब्लाऊज शिवते. कोल्हापुरात, घराच्या पुढच्या खोलीत, तीस वर्षं झाली. माझं तोंड मोठं आहे हे गिऱ्हाईक सांगतं, शेजारी सांगतात, नवरा तर रोज सांगतो. आबा, म्हणजे माझे वडील, तिकडं शाहूवाडीच्या डोंगरात भावाजवळ राहतात. भाताची शेती आणि दोन म्हशी. नऊ वर्षांपूर्वी चालता चालता ते दोनदा पडले. हृदय मधेच ठोका चुकवतंय म्हणून डॉक्टरांनी छातीत डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, एक यंत्र बसवलं. कातडीखाली हाताला लागतं, काडेपेटीएवढं. हृदय थांबायला लागलं की ते त्याला ढोसतं. आमच्या घरात त्याला डबी म्हणतात. "डबी बरी हाय न्हवं?" एवढीच त्याची चौकशी.

डबी बसवली तेव्हा तिथल्या नर्सबाईनं मला चार-पाच गोष्टी सांगितल्या होत्या. त्यातली एकच माझ्या डोक्यात पक्की बसली, की मोबाईल डाव्या खिशात ठेवायचा नाही. शिवणारी बाई मी, खिशाचीच गोष्ट ध्यानात राहणार! तेव्हापासून आबांच्या प्रत्येक कपड्याला मी खिसा उजवीकडं लावला. गावात लोक हसायचे, "काय आबा, पोरीनं सदरा उलटा शिवला का काय?" आबा म्हणायचे, "तिला कळतंय." मला त्याचा लई अभिमान होता. बापाची काळजी घ्यावी तर अशी, असं मी चार बायकांत सांगायची.

माघातली गोष्ट. लग्नसराई, खुंटीवर, खाटेवर, जिकडं बघावं तिकडं ब्लाऊज. आबा वर्षातनं एकदा डबी तपासायला कोल्हापूरला येतात. एकटेच, एस्टीनं. सोबत कुणी आलेलं त्यांना खपत नाही. तपासून झालं की दुपारी माझ्याकडं जेवायला. त्या दिवशी मी दारातच विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"बरं हाय म्हणाले की," असं म्हणत ते हातपाय धुवायला गेले. मी ताट वाढलं आणि परत मशीनवर बसले. संध्याकाळी एक नवरी ब्लाऊज न्यायला येणार होती आणि अस्तर अजून लागलं नव्हतं.

जेवून आबा माझ्या पाठीमागं खाटेवर बसले, कपडे जरा सारून. मग म्हणाले, "बॅटरी संपत आलीया म्हणं. दोन-चार म्हैन्यात बदलाय पायजे."

मी मागं वळले नाही. समोरच्या खुंटीला त्यांची पिशवी होती आणि पिशवीतनं त्यांची जुनी बॅटरी डोकं काढून बघत होती. तीन सेलची, चांगली हातभर लांब, झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलेली. आबा ती कुठंही गेले तरी सोबत ठेवतात, भर दुपारी कोल्हापूरला येतानासुद्धा. पहाटे गोठ्यात जायचं, पाणी सोडायला बांधावरनं जायचं, आणि आमच्याकडं बांधावर घोणस असते. पायापुढं उजेड नसला की संपलं. आणि ती बॅटरी हल्ली दोन थपडा दिल्याशिवाय लागत नव्हती.

"एवढंच व्हय!" मी मशीनच्या आवाजावरनं ओरडले. "मी आणतो की नवी. काय काळजी करू नका." आम्ही कोल्हापूरच्या बायका आणतो-जातोच म्हणतो. नावं ठेवणाऱ्यांनी ठेवावीत.

"तू आनणार?"

"मग कोण आणणार? आता लई भारी भारी निघाल्यात. बारकी आणतो, खिशात मावंल अशी. हा सोटा कशाला वागवताय?"

आबा नुसतं "बरं" म्हणाले, आणि चारच्या एस्टीला गेले.

दोन दिवसांनी मी लक्ष्मीपुरीत बॅटरी बघायला गेले. दुकानदार म्हातारे, मूळचे कुरुंदवाडचे, बोलण्यात कानडी हेल. "काय पायजे अक्का?"

"बॅटरी."

"कसली बॅटरी? गाडीची हाय, घड्याळाची हाय, इन्व्हर्टरची हाय. बॅटरी म्हंजे छप्पन असत्यात अक्का. कंची?"

मला रागच आला. "हातातली हो! अंधारात धरायची. दुसरी कसली?"

ते हसले आणि त्यांनी काचेवर एक डबा उपडा केला. मी बघतच राहिले. अवो, ह्या बॅटऱ्या? एक करंगळीएवढी, एक लिपस्टिकएवढी, एक किल्लीच्या जुडग्यात अडकवायची. मी म्हटलं, "ह्यात सेल कुठं घालायचे?" ते म्हणाले, "सेल न्हाईत. मोबाईलच्या वायरीवर चार्ज करायची." मी म्हटलं, "आमच्या गावात लाईट टिकत असती तर बॅटरी कशाला घेतली असती?" त्यावर त्यांनी करंगळीएवढी उचलली आणि दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीकडं धरली. आई शप्पत, खोलीच्या टोकाची खोकी लख्ख दिसली, त्यावरची अक्षरंसुद्धा! आबांच्या सोट्यानं असा उजेड त्याच्या जवानीतसुद्धा दिला नव्हता. किंमत ऐकली आणि मी तिथल्या स्टुलावर बसले. एवढ्याशा काडीला एवढे? दुकानदार म्हणाले, "अक्का, आकाराचंच पैसं हायत."

पण मी काय पहिली दाखवतील ती घेणारी नव्हे. कापड घेताना मी चार दुकानं पालथी घालते, ही तर बापाची बॅटरी. लांब फेकणारा उजेड मला नको होता. घोणस काय लांब नसते, पायाशीच असते. तेव्हा जवळ, पसरून पडणारा उजेड पाहिजे. बटण असं पाहिजे की आबांच्या घट्टे पडलेल्या अंगठ्याला कळलं पाहिजे. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची धातूची टोपी, अंगुस्ताना, पिशवीतनं काढून मी अंगठ्यात घातला आणि एकेक बटण दाबून बघितलं. दोन बॅटऱ्या तिथंच नापास. एक खिशातल्या खिशात आपोआप लागायची, ती बाद. राहिली एक, मधल्या बोटाएवढी. ती मी टेपनं मोजली, लांबी आणि घेर. दुकानदारांनी असं गिऱ्हाईक जन्मात बघितलं नसावं.

"आणि ही गंमत बगा," म्हणत त्यांनी ती बॅटरी बुडाच्या बाजूनं लोखंडी कपाटाला लावली. खट्! चिकटली आणि तशीच आडवी राहिली. "मागं चुंबक हाय. मोटारीच्या पेटीला चिकटवा, गोठ्यात खांबाला चिकटवा, दोन्ही हात मोकळे."

मी खूश. धार काढताना आबा ती लांबडी बॅटरी काखेत धरायचे, आता ती कसरत कशाला? मी म्हटलं, "हीच बांधा." घरी येऊन जमिनीवर सांडलेल्या टाचण्या मी त्या चुंबकानं गोळा केल्या आणि नवऱ्याला दाखवल्या. तो म्हणाला, "आता बापाला देऊ नकोस, तूच ठेव."

नुसती बॅटरी देऊन गप्प बसले असते तर ती मी कसली! मी आबांना जाड मांजरपाटाची नवी बंडी शिवली. उजवा खिसा मोबाईलचा, तो नेहमीचा. मग बॅटरीचा खिसा अर्थातच डावीकडं. बॅटरी म्हणजे काय मोबाईल नव्हे. वाकल्यावर पडू नये म्हणून तो खिसा नेहमीपेक्षा चार बोटं वर घेतला, बॅटरीच्या मापाचा, अगदी बेताचा. हलू नये म्हणून वर पट्टी आणि पट्टीला बटण. असा खिसा मी आयुष्यात दुसरा शिवला नाही. रविवारी एस्टीनं जाऊन मी स्वतः आबांच्या अंगात बंडी घातली, बॅटरी खिशात ठेवली आणि बटण लावलं.

आबांनी ती परत काढून हातात घेतली. उलटीसुलटी बघितली. "ही व्हय बॅटरी?"

"मग! कशी हाय?"

ते माझ्याकडं बघत राहिले. मग हसायला लागले, डोळ्यात पाणी येईस्तोवर हसले. "झ्याक हाय," म्हणाले. मी ते पाणी आनंदाचं धरलं.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "बाई, ती बंडी घातली की छातीत कसंतरी हुतंय गं. काढली की बरं वाटतंय."

आता सांगते, मला काय वाटलं असेल? मला वाटलं, काखेत घट्ट झाली! आणि मला रागसुद्धा आला. तीस वर्षं शिवते, माझं माप चुकतं होय? मी म्हटलं, "द्या पाठवून, सैल करतो." भावानं दुधाच्या गाडीतनं पाठवली. मी काख उसवली, अर्धा इंच वाढवली, परत पाठवली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. "घातली की फडफडतंय." पुन्हा उसवली. पुन्हा वाढवली. दोन वेळा! बाप सांगतोय छातीचं आणि मी बघतेय काखेकडं. छप्पन कपडे उसवले असते, पण एकदा "फडफडतंय म्हणजे काय हो आबा?" असं विचारलं नाही.

चैत्रात गावची जत्रा. मी सकाळच्या एस्टीनं गेले. घरात नैवेद्याची गडबड, वहिनी पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "आबा ती बंडी आता सणासुदीलाच घालत्यात. घातली की धाप लागती म्हणत्यात." मला झोंबलं. म्हटलं, बघूच आज. आबांना अंगणात खुर्चीवर बसवलं, बंडी चढवली, खिशात बॅटरी, वर बटण. काखेत हात घातला तर दोन बोटं सहज जात होती. "कुठं घट्ट हाय? दाखवा की!" असं माझं चालू होतं. एका हातात टेप, दुसऱ्या हातात चार टाचण्या, खूण करायला.

आबा म्हणाले, "थांब जरा." त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. कपाळावर घाम. "गरगरतंय बाई."

मी पुढं वाकले आणि बटण काढायला छातीवर हात नेला. माझ्या बोटातल्या टाचण्या निसटल्या. खाली पडल्या नाहीत. चारीच्या चारी उडून त्या खिशावर जाऊन चिकटल्या, कापडावरनंच. मी त्या खिशावर तळहात ठेवला. वर कापड, कापडाखाली बॅटरी, आणि बॅटरीच्या बुडाखाली, कातडीच्या आत, डबी.

नऊ वर्षांत एकदाही पुरता न आठवलेला त्या नर्सबाईचा आवाज माझ्या कानात स्पष्ट बोलला, "मोबाईल डाव्या खिशात नको. आणि लोहचुंबक तर जवळपासही आणायचं नाही." हे तिनं मला सांगितलं होतं. मलाच. मी मान डोलावली होती.

बटण काढायचं भान कुणाला? मी तो खिसा धरून ओढला. दुहेरी शिवणीचा, माझ्याच हातचा, निघता निघेना. मी दातानं शिवण तोडली. बॅटरी लांब फेकली ती जाऊन गोठ्याच्या लोखंडी दाराला चिकटली, खट्! वहिनी लाटणं घेऊन धावत आली. मी आबांच्या पायाशी बसून बडबडत होते, "मी केलं, मी केलं." भावानं गाडी काढली, थेट कोल्हापूरला, डबीच्या डॉक्टरांकडं. वाटेत आबांना बरं वाटायला लागलं होतं. सगळी वाट मी त्यांचा हात सोडला नाही आणि तोंडातनं एक शब्द काढला नाही. भाऊ दोनदा मागं वळून बघत होता, की ही गप्प कशी.

डॉक्टरांनी आबांच्या छातीवर यंत्र धरून तपासलं. मी सगळं सांगितलं, खिशासकट. ते ओरडतील असं वाटलं होतं, पण ते शांतपणे म्हणाले, "चुंबक जवळ आलं की हे यंत्र हृदयाचं ऐकणं सोडतं आणि स्वतःच्या ठरलेल्या चालीनं ठोके द्यायला लागतं. त्यामुळं ह्यांना तसं होत होतं. चुंबक काढलं की ते पूर्ववत होतं. ते तुम्ही वेळेत काढलंत. मला काळजी बॅटरीची आहे."

"ती मी टाकून दिली डॉक्टर," मी म्हटलं.

"ती नव्हे. आतली. यंत्राची बॅटरी." ते आबांच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "संपत आली आहे. दोन-चार महिन्यांत बदलायला हवी, पुढच्या वेळी घरचं कुणीतरी घेऊन या, असं मी गेल्या तपासणीलाच सांगितलं होतं. अडीच महिने झाले. ह्यांनी घरी काही सांगितलं नाही?"

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं. खरं तर आबांवर खेकसायलाच उघडलं होतं. तेवढ्यात खाटेवरनं आबा म्हणाले, "सांगितलं की. हिलाच सांगितलंय." आणि जरा थांबून, "हिनं आनली बी."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं. लक्ष्मीपुरीतल्या त्या म्हाताऱ्या दुकानदाराला, ज्याचा माझ्या बापाशी काडीचा संबंध नाही, त्याला विचारायचं सुचलं, की कसली बॅटरी, बॅटरी म्हंजे छप्पन असतात. मी पोटची पोर. मी अंगुस्ताना घालून बटणं दाबत बसले.

तिसऱ्या दिवशी डबी बदलली. बॅटरी म्हणजे आतनं काढून घालायची नसते, अख्खी डबीच बदलतात, हेही मला तेव्हा कळलं. सगळं नीट झालं. दुपारी आबा उशाला टेकून चहा पीत होते आणि मी शेजारी स्टुलावर होते. मला आतनं खात होतं ते मी बोलून टाकलं. "आबा, मी ती बारकी बॅटरी घेऊन आलो तेव्हाच का बोलला न्हाईसा? ही न्हवं, ती, एवढं तरी म्हणायचं!"

ते म्हणाले, "तू एवढी माप घिऊन खिसा शिवून आलतीस. आन खरं सांगू का, मलाबी त्या आपरेशनच्या खोलीत परत जायचं न्हवतं. भ्या वाटत हुतं. म्हटलं, पोरीनं बॅटरी आणली, इषय मिटला."

"आणि पहिल्यांदा? माझ्या घरी सांगितलं तेव्हा? तेव्हा नीट, समजावून का न्हाई सांगितलं?"

आबांनी बशी खाली ठेवली. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मी सांगत हुतो तवा तू मशीन थांबवली न्हाईस. मग मला वाटलं, लई मोठं काय नसंल."

मला रडू आवरलं नाही. त्या वॉर्डात सगळ्यांसमोर, मोठ्यानं. माझं सगळंच मोठ्यानं असतं. आबा म्हणत होते, "अगं आता बरं हाय की, कशाला रडतीस?" आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होते, "पोरगी लई जीव लावती मला." त्यानं तर मला आणखीच रडू आलं.

ती बॅटरी अजून गोठ्याच्या दाराला चिकटलेली आहे. वहिनी धार काढताना लावते, उजेड झ्याक पडतो म्हणते. आबांच्या हातात परत तो जुना सोटा आला, नवी पट्टी आवळून.

परवा ते आले होते, नवी डबी दाखवायला. सोबत मी गेले होते, आता त्यांना खपो न खपो. जेवण झाल्यावर मी मशीनवर बसले. गौरीसाठी द्यायचे ब्लाऊज होते, ढीगभर. मागनं आबांचा आवाज आला, "बाई..."

मी पाय काढला. मशीन थांबवली, स्टूल फिरवलं आणि त्यांच्याकडं तोंड करून बसले. "काय आबा? बोला."

आबा जरा गोंधळले. "काय न्हाय गं," म्हणाले. "पाणी मागत हुतो निस्तं."